कानबाईच्या रात्रीचा रवाळ फोटो

श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. घर सुरतेत, पर्वत पाटियाला. गुजरातीत पाटिया म्हणजे हमरस्त्यावर गावाच्या नावाची पाटी असते ती जागा, जिथून गावाकडे रस्ता वळतो. पर्वत गावाची ती पाटी आता कापडाच्या मार्केटांच्या, सोसायट्यांच्या आणि ट्रकच्या गर्दीत शोधूनही सापडणार नाही, पण नाव राहिलं. आमच्या सोसायटीत राजस्थानी कुटुंबं जास्त. आम्ही खानदेशी थोडे, आमची मोठी वस्ती शेजारी लिंबायत, गोडादरा, डिंडोलीकडे. सासरे अमळनेर तालुक्यातून लूमवर कामाला आले, ते उधना-जळगाव मार्गावरच्या गाडीनं आणि एका पत्र्याच्या पेटीनिशी. त्या पेटीत देवी नव्हती. ती नंतर आली, घर झाल्यावर.

दहा बाय बाराच्या खोलीत चौरंग मांडतात, केळीचे खांब बांधतात, नारळाला नथ आणि दागिने घालून देवी सजवतात. दोन समया, वर एक ९ वॅटचा एलईडी बल्ब, कडेनं छोट्या दिव्यांची माळ. एवढाच उजेड. रात्रभर बायका अहिराणी गाणी म्हणतात, फुगड्या घालतात आणि सोमवारी सकाळी देवी मिरवणुकीनं निघते. मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. ही गाणी म्हणणाऱ्या बायका दर वर्षी एक-दोननं कमी होताना मी पाहिल्या, म्हणून २०१८ साली पैसे साठवून कॅमेरा घ्यायचं ठरवलं. फोटोग्राफीची हौस त्याच्या आधी मला नव्हती.

दुकानात विचारलं, "रात्री घरात फोटो काढायला कोणता चांगला?" दुकानदारानं ६० पट झूमचा एक दाखवला. मेगापिक्सेल भरपूर, हातात घेतला तर वजनदार, आणि दुकानातल्या लख्ख उजेडात काढलेला फोटो छान. मी घेतला. कानबाईच्या रात्री त्यानं काढलेले ३०० फोटो दुसऱ्या दिवशी संगणकावर उघडले आणि माझे हातपाय गळाले. काही हललेले. जे हलले नव्हते, त्यांच्यावर सगळीकडे लाल-हिरवे ठिपके. त्यातला बरा एक मोठा छापून घेतला. आमच्या फुई, म्हणजे सासऱ्यांची बहीण, तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरून बघत होत्या. मग म्हणाल्या, "देवीना तोंडवर ह्या ठिपका कसाना शेतस व?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. विज्ञानाच्या शिक्षिकेला ते देता यायला हवं होतं. पुढचं सगळं त्या उत्तरासाठी शिकले.

त्या ठिपक्यांना फोटोवाले नॉईज म्हणतात. मी रवा म्हणते. तूप रवाळ होतं तसा फोटो रवाळ होतो. पहिली गोष्ट ही, की हा कॅमेऱ्यातला बिघाड नव्हे. प्रकाश मुळातच थेंबांनी येतो. आइन्स्टाइननं १९०५ साली प्रकाशविद्युत परिणामाचा उलगडा केला आणि त्याच कामासाठी त्याला १९२१ सालचं नोबेल मिळालं. सापेक्षतावादासाठी नव्हे, हे मुलांना सांगितलं की त्यांना नेहमी आश्चर्य वाटतं. त्या कामाचं सार असं, की प्रकाश हा अखंड वाहणारा प्रवाह नसून त्याचे सुटे सुटे कण येऊन आदळतात.

मुलांना हे मी शाळेच्या अंगणात दाखवते. जूनमध्ये पहिला पाऊस सुरू होताना सगळ्यांना व्हरांड्यात उभं करते आणि अंगणातली एकेक फरशी वाटून देते. सुरुवातीच्या काही क्षणांत आपल्या फरशीवर किती थेंब पडले ते मोजायचं. कोणाचे दोन, कोणाचे सात, कोणाचा एकही नाही. पाऊस सगळ्यांवर सारखाच, ढग एकच, तरी शेजारशेजारच्या फरशांचे आकडे वेगळे. मग मोजणं हाताबाहेर जातं, आणि बघता बघता सगळं अंगण एकसारखं ओलं होतं.

फोटोतला रवा म्हणजे ती पहिल्या काही थेंबांची फरशी. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर अशा दोन-अडीच कोटी बारीक फरशा असतात. एकेकीवर सरासरी ४ कण पडले तर त्यात साधारण २ चा फरक पडतो, म्हणजे निम्म्याचाच गोंधळ. सरासरी १०० पडले तर फरक १० चा, दहा टक्के. १०,००० पडले तर फरक १०० चा, फक्त एक टक्का, जो डोळ्याला दिसतही नाही. संख्येचं वर्गमूळ निघतं तेवढा हा फरक. म्हणून प्रकाश चौपट मिळाला की रवा निम्म्यावर येतो. सेन्सरची आणि त्यातल्या विजेच्या मंडलांची स्वतःचीही थोडी खरखर असते, आणि जुन्या कॅमेऱ्यांत ती जास्त. पण आपल्याला घरात दिसणारा बहुतेक रवा हा प्रकाशाच्या टंचाईचा असतो.

फोटो उजळवणारा आयएसओचा आकडा वाढवला की फोटो खराब होतो, असं कॅमेरा घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. मीही ते ऐकून पहिल्या वर्षी आयएसओ घाबरत घाबरत खाली ठेवला आणि फोटो काळे काढले. आयएसओ वाढवणं म्हणजे पाऊस वाढवणं नव्हे. मुलांनी वहीत लिहिलेल्या प्रत्येक आकड्याला दहानं गुणलं, एवढंच. दोनचे वीस झाले, सातचे सत्तर. फोटो उजळला आणि आकड्यांमधली तफावतही उजळली. तफावत आधीच होती. फोटो काळा ठेवून घरी संगणकावर उजळला तरी तीच तफावत वर येते, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत आणखी वाईट रूपात येते, कारण मंडलांची खरखरही सोबत गुणली जाते. तेव्हा आयएसओ ३२०० लागत असेल तर ३२०० ठेवा. चेहरा उजळ येऊ द्या. ही एक भीती गेली तरी निम्मं काम होतं.

मग रवा कमी करायचा कसा? थेंब जास्त गोळा करायचे. फरशी मोठी घ्या, जास्त वेळ पावसात ठेवा, किंवा वरचं छप्पर जास्त उघडा. कॅमेऱ्याच्या भाषेत सेन्सर, शटर आणि लेन्सचं छिद्र. ह्या तिघांपैकी पैशाला सर्वांत जास्त परतावा कोण देतं, हे दुकानात कोणी सांगत नाही.

सेन्सरपासून बघू. माझ्या त्या झूमवाल्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा होता, करंगळीच्या नखाहून लहान. मेगापिक्सेल भरपूर असून उपयोग नव्हता. अंगण तेवढंच, फक्त फरशा बारीक कापलेल्या. नेहमीच्या डीएसएलआरमध्ये किंवा स्वस्त मिररलेसमध्ये एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो, निकॉनमध्ये २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास ३६७ चौरस मिलिमीटर. एका उडीत तेरा पट अंगण. त्याच्यावर फुल फ्रेम, ३६ बाय २४, म्हणजे ८६४. एपीएस-सीच्या मानानं साधारण सव्वादोन-अडीच पट. लहान सेन्सरवरून एपीएस-सीवर जाणं ही मोठी उडी. तिथून फुल फ्रेमवर जाणं ही लहान उडी, आणि खर्च मात्र तिलाच जास्त, कारण लेन्सही महाग होतात.

आता छिद्र. एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स पुरतं झूम केलं की एफ ५.६ वर येते. एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स लावली तर प्रकाश जवळजवळ दहा पट आत येतो. दहा पट. फुल फ्रेमचा खर्च अडीच पटीसाठी आणि ह्या छोट्या लेन्सचा खर्च दहा पटीसाठी. आमच्या खोलीतलं मोजमाप सांगते. एलईडी बल्ब चालू असताना, शटर १/६० ठेवलं, तर किट लेन्सला आयएसओ ६४०० च्या आसपास लागतो. एफ १.८ ला ६४० पुरतो. त्याच खोलीत, त्याच बायका, तीच गाणी.

म्हणून माझं ठाम मत आहे: बजेट कमी असेल तर बॉडी जुनी घ्या, पण लेन्स उघडी घ्या. ह्यात एक गोष्ट मात्र मला लेन्स भाड्यानं आणून बघेपर्यंत कळली नव्हती. सगळे ५० मिलिमीटर एफ १.८ घ्या म्हणतात. कॅननची ही लेन्स १९९० पासून लोकांची लाडकी, २०१५ मध्ये तिची नवी एसटीएम आवृत्ती आली, वजन जेमतेम १६० ग्रॅम, किंमत आवाक्यातली. चेहऱ्यांसाठी ती सुंदर आहे. पण एपीएस-सी कॅमेऱ्यावर ती ८० मिलिमीटरसारखी वागते. दहा बाय बाराच्या खोलीत मी भिंतीला पाठ टेकवून उभी राहिले तरी चौरंग आणि दोन बायका एवढंच मावेना. आपल्याकडच्या घरांना ३५ मिलिमीटर हवी. निकॉनची ३५ मिलिमीटर एफ १.८ डीएक्स, २००९ साली आलेली, आजही जुन्या बाजारात सहज मिळते. मी २०१९ च्या उन्हाळ्यात निकॉन डी५३०० ची वापरलेली बॉडी १८,००० ला आणि ही लेन्स ८,५०० ला घेतली. एकूण २६,५००. झूमवाला कॅमेरा ह्याहून महाग पडला होता.

निकॉन घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुन्या, डी अक्षराच्या लेन्स त्यांवर आपोआप फोकस होत नाहीत, हातानं फिरवावं लागतं. एएफ-एस लिहिलेली लेन्स घ्या. डी७००० किंवा डी७१०० घेतला तर मोटर बॉडीतच असते आणि ५० मिलिमीटर एफ १.८ डी सारखी स्वस्त लेन्सही चालते.

ज्यांना नवंच हवं आहे त्यांनी मिररलेसकडे बघावं. अंधारात डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवणं, हे नव्या मिररलेसचं खरं बळ आहे, आणि जुन्या डीएसएलआरला ते जमत नाही. तिथेही किट लेन्सवर थांबू नका. निकॉनसाठी २४ मिलिमीटर एफ १.७, कॅननसाठी आरएफ ५० मिलिमीटर एफ १.८ किंवा खोली लहान असेल तर २८ मिलिमीटर एफ २.८, सोनीसाठी सिग्माची ३० मिलिमीटर एफ १.४. ह्यातली एक लेन्स घेण्यासाठी बॉडी एक पायरी खालची घ्यावी लागली तरी घ्या.

मोबाइलबद्दलही सांगायला हवं, कारण माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया तोच प्रश्न विचारतात: "मॅडम, फोननं होत नाही का?" स्थिर देवीचा फोटो फोननं उत्तम होतो. २०१८ मध्ये गुगलच्या पिक्सेलवर नाइट साइट आलं, आणि आता साध्या फोनमध्येही रात्रीचा मोड असतो. तो एकामागून एक पुष्कळ फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतो. चार फोटोंच्या सरासरीत रवा निम्मा, सोळांच्या सरासरीत पाव. अंगणात पुन्हा पुन्हा मोजण्यासारखंच हे. पण तेवढ्या वेळात फुगडी तीन वेळा फिरून जाते, आणि मग फोन एक तर चेहरा पुसट करतो, नाही तर सगळं गुळगुळीत. तुम्हाला फक्त सजावट टिपायची असेल तर कॅमेऱ्यावर पैसे घालू नका. माणसं टिपायची असतील तर घाला.

आणि काहीच विकत न घेता करता येण्यासारखं एक. देवी हलत नाही. किट लेन्स, एफ ५.६, आयएसओ १००, शटर एक सेकंद. कॅमेरा स्टुलावरच्या दोन किलो तांदळाच्या पिशवीवर टेकवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचे. आमच्या खोलीत ह्या हिशोबानं काढलेला चौरंगाचा फोटो इतका स्वच्छ आला, की त्यात रवा शोधूनही सापडेना. फरशी तीच, पण पावसात पुष्कळ वेळ ठेवलेली. अर्ध्या-एक मिनिटाचे फोटो काढायला लागलात, उदाहरणार्थ रात्री तापीच्या पुलावरून, तर मात्र चमकणारे सुटे पांढरे-लाल बिंदू दिसतील. ते उष्णतेचे. सेन्सर तापला की वाढतात, आणि सुरतेत मे महिन्यात ते जास्त दिसणारच. कॅमेऱ्यात त्यावर सोय असते: फोटोनंतर तेवढाच वेळ पडदा बंद ठेवून कॅमेरा एक काळा फोटो घेतो आणि तो मूळ फोटोतून वजा करतो.

माणसांचे फोटो काढताना माझं सगळ्यात जास्त लक्ष समईकडे असतं. दिव्यापासून चेहरा चार फुटांवर असेल आणि तो दोन फुटांवर आणला तर उजेड चौपट होतो. कुठल्याही लेन्सशिवाय. मी आता कानबाईच्या संध्याकाळी सासूबाईंना विचारून समया थोड्या पुढे घेते आणि गाणाऱ्या बायकांची सतरंजी थोडी मागून पुढे सरकवते. त्यांनाही बरं वाटतं, देवी जवळ येते. पदराची काळजी मात्र आधी घ्यायची. समई बायकांच्या हालचालीपासून हातभर तरी लांब हवी, फोटो नंतर.

समईचा उजेड पिवळा-तांबडा असतो, त्यात निळा रंग फारच थोडा. कॅमेऱ्याला हे दृश्य पांढरं करायला सांगितलं की तो त्या थोड्याशा निळ्याला ओढून ताणून मोठं करतो, आणि सगळ्यात घाण रवा तिथेच उगवतो. माझ्या पहिल्या वर्षीच्या फोटोंत देवीच्या चेहऱ्यावर जे ठिपके होते त्यांचं हेही एक कारण होतं. आता मी रंग पिवळाच राहू देते. समईच्या उजेडात माणसं तशीच दिसतात.

एलईडी बल्बचं दुखणं वेगळं. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर उजेड सगळ्या फोटोंत सारखा येतो. १/१२५ किंवा १/२५० ला एक फोटो उजळ, दुसरा काळपट, कधी आडवे पट्टे. मिररलेसमध्ये मूक शटर असेल तर असल्या दिव्यांखाली ते बंद ठेवा. बसून गाणाऱ्या बायकांसाठी मी १/१०० ठेवते. फुगडीसाठी ते पुरत नाही, तिथे १/२५० तरी लागतं आणि आयएसओ ३२०० च्या पुढे जातो. जाऊ द्यायचा. नवरात्रात सोसायटीच्या गरब्यातही तेच. टाळी वाजते तो एक क्षण हात थांबलेले असतात. तेवढा क्षण साधला की कमी शटरवरही चेहरा स्पष्ट येतो. हे कुठल्याही पुस्तकात न वाचता मला गरबा खेळताना कळलं.

फ्लॅश मी लावत नाही. लग्नात, हळदीत छताकडे वळवून मारलेला फ्लॅश उत्तम काम करतो, त्याला माझी ना नाही. पण समईसमोर फ्लॅश पडला की समई विझल्यासारखी दिसते, आणि गाणं म्हणणारी बाई दचकते. मी ज्यासाठी फोटो काढते तेच त्यात जातं.

एफ १.८ ची किंमतही मोजावी लागते. दीड मीटरवरून काढलेल्या फोटोत स्पष्ट भाग जेमतेम १३ सेंटिमीटर खोलीचा असतो. देवीची नथ स्पष्ट, मागचा केळीचा खांब पुसट. दोघी बायका पुढे-मागे बसल्या तर एकीचाच चेहरा धरता येतो. मी फोकसचा मधला बिंदू वापरते आणि डोळ्याच्या कडेवर किंवा नथीच्या चमकेवर धरते, कारण फोकसला उजेड-अंधाराची कड लागते. तीन बायका एका फोटोत हव्या असतील तर एफ २.८ करते आणि आयएसओ वाढवते.

घरी आल्यावरचं काम. फोटो रॉ स्वरूपात काढलेला असला तर बरंच काही करता येतं. जेपेगमध्ये कॅमेऱ्यानं आपल्या मनानं आधीच घासूनपुसून ठेवलेलं असतं. पैसे न घालता डार्कटेबल किंवा रॉथेरपी वापरता येतं, निकॉनवाल्यांना एनएक्स स्टुडिओ फुकट आहे. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेनं रवा काढायची सोय आली आणि ती खरोखर चांगली आहे, पण तिला पैसे लागतात. कुठलंही वापरा, रवा दोन प्रकारचा असतो एवढं ओळखा. एक रंगीत, लाल-हिरव्या-जांभळ्या ठिपक्यांचा. तो निर्दयपणे काढा, फोटोचं काही जात नाही. दुसरा फक्त उजळ-काळसर, जुन्या फिल्मच्या दाण्यासारखा. त्याला हलका हात लावा. १९५४ पासून ट्राय-एक्स फिल्मवर जगभरच्या बातमीदारांनी फोटो काढले, ते सगळे दाणेदार आहेत आणि त्यात काही कमी वाटत नाही. हा रवा पुरता काढायला गेलं की सुरकुत्या जातात, लुगड्याची जर जाते, कपाळावरच्या गोंदणाची रेघ जाते. ७५ वर्षांच्या बाईचा चेहरा मेणाचा होतो. मला हे बघवत नाही. फुईंच्या सुरकुत्यांसाठीच तर कॅमेरा घेतला.

आणि संगणकावर फोटो शंभर टक्के मोठा करून त्यातला रवा मोजत बसू नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० बिंदूंचा असतो. चार बाय सहा इंचाच्या छापील फोटोला १८०० बाय १२०० पुरतात. म्हणजे छापताना अकरा बिंदूंचा मिळून एक होतो, त्यांची सरासरी निघते आणि रवा आपोआप एक तृतीयांशावर येतो. पडद्यावर भयंकर वाटलेले माझे कितीतरी फोटो छापल्यावर नितळ निघाले. फोटो काढून टाकायच्या आधी एकदा छापून बघा.

राहिली खरेदी. जुना कॅमेरा घ्यायला लाजू नका, फक्त तपासून घ्या. शटरची मोजणी विचारा; निकॉनच्या फोटो फाइलमध्येच ती नोंदलेली असते, आणि डी५३०० चं शटर १,००,००० फोटोंसाठी तपासलेलं आहे. लेन्सच्या एका बाजूनं मोबाइलची टॉर्च लावून दुसऱ्या बाजूनं बघा: जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. सुरतेच्या पावसाळी हवेत ती भराभर वाढते. घरी आणल्यावर मी लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते आणि दर महिन्याला पुड्या बदलते. लेन्सवर झाकण ठेवून आयएसओ १६०० ला अर्ध्या मिनिटाचा फोटो काढा. काळ्या फोटोत मोजके बिंदू चालतात, पट्टे चालत नाहीत.

शेवटची तपासणी माझ्या २०१८ च्या चुकीतून आलेली आहे. दुकानात दिवे लख्ख असतात आणि तिथे प्रत्येक कॅमेरा चांगला फोटो काढतो. तुम्ही कॅमेरा घेऊन काउंटरखाली वाका, कपाटाच्या कोपऱ्यात जा, सोबत आलेल्या माणसाला तिथे बसवा. आयएसओ ३२००, शटर १/१००, लेन्स जेवढी उघडेल तेवढी. दहा फोटो काढा आणि स्वतःच्या कार्डावर घरी घेऊन या. त्यातले तीन फोटो चार बाय सहा आकारात छापून घ्या, आणि मग पैसे द्या. दुकानदार ह्याला तयार नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.